सवलतीची मालकीण

मधु खवणेकर हा माणूस वाईट नाही, असं आमच्या बिल्डिंगमधले सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. माझं दार त्याच्या दारासमोर आहे, आणि समोरच्या दारातल्या माणसाला फार काळ फसवता येत नाही. वाईट म्हणजे दारू पिणारा, बायकोवर हात उचलणारा एवढंच धरायचं असेल तर नाही बुवा तो तसा. पण माणसाला लागणारं दुसरं एक वेड असतं, आणि ते मधुला चांगलंच लागलेलं आहे. सरकारने कुठे म्हणून सूट दिली की हा धावलाच.

मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई. मधु माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो अकाउंट्सला आहे. दिवसभर दुसऱ्यांचा कर वाचवतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की हा दारात उभा राहून विचारणार, "एटी-जी आहे का तुमच्याकडे?" पोरं बिचारी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यांना वाटतं, खोली नंबर विचारतोय. करात सूट मिळवून देणारा तो दाखला असला तर हा देणार, नसला तर बाप्पा मोरया! देवसुद्धा करमुक्त असल्याशिवाय याच्या खिशात हात घालू शकत नाही.

दरवर्षी मार्चमध्ये तो आणि हेमा, म्हणजे त्याची बायको, रक्त तपासून यायचे. तब्येतीची काळजी म्हणून नव्हे हो! तपासणीच्या बिलावर सूट मिळते म्हणून. एका वर्षी हेमाची साखर वाढलेली निघाली. रिपोर्ट तीन आठवडे फाईलमध्ये पडून, कारण साहेबांना फक्त पावती हवी होती. हेमाला चक्कर आली तेव्हा मी तो रिपोर्ट शोधून काढला आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. मधु म्हणाला, "अरे, हो की! बघायचं राहून गेलं." राहून गेलं म्हणे, कप्पाळ माझं!

इलेक्ट्रिक गाडीवरचा टॅक्स सरकारने माफ केला, तेव्हा त्याने स्कूटर घेतली. मधुला स्कूटर चालवता येत नाही. सायकलवरसुद्धा मी त्याला कधी पाहिलेलं नाही. कंपनीची बस त्याला नाक्यावरून घेऊन जाते आणि ती स्कूटर खाली पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून उभी आहे. ओला कचरा सोसायटीतच जिरवला तर मालमत्ता करात सूट, असं कळल्यावर याने सगळ्यांच्या मागे लागून एक भलंमोठं हिरवं पिंप आणवलं. फोटो काढले, अर्ज केला. त्या पिंपात आता आमचा वॉचमन दौलत आपल्या छत्र्या आणि कॅरमबोर्ड ठेवतो. सरकारचीही कमाल आहे बाई. माणसाने चांगलं वागावं म्हणून गाजर दाखवायचं, आणि माणूस गाजर खाऊन जातो, वागायचं मागेच राहतं. दोघंही खूश! कचरा होता तिथेच.

मग ती नवी करप्रणाली आली, जुन्या सवलती गेल्या आणि मधुच्या घरी सुतक पडलं. यंदा तर त्याच्या पगारावर करच लागेना. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. हा माझ्याकडे येऊन सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "रचनाताई, आता वाचवायचं काय?" कर लागत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

पण हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मला जे सांगायचं आहे ते त्याच्या घराचं आहे.

ते घर त्याने बावीस साली घेतलं. त्याआधी ते जोडपं दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहायचं. माझ्या समोरचा फ्लॅट विकायला निघाला तेव्हा मीच हेमाला सांगितलं. मधुने कोकणातली आपल्या वाटणीची जमीन विकली, "शेतजमीन, त्यावर कर नाही!" हे तो तेव्हा दूधवाल्यालासुद्धा सांगत होता. कमी पडलं तिथे हेमाच्या शिकवण्यांचे पैसे घातले. वीस वर्षं ती सकाळ-संध्याकाळ पोरांना गणित शिकवत आलीय. मूलबाळ नाही, सगळी माया त्या पोरांवर.

नेमकं त्या सुमारास सरकारने काढलं होतं की घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. बायका घराच्या मालकिणी व्हाव्यात, हा हेतू. हेतू छानच होता, कोण नाही म्हणेल? फक्त सरकार एक विसरलं. सूट बाईच्या नावाला असली तरी हिशेब नवऱ्याच्या हातात असतो.

"हेमा, घर तुझ्या नावावर करतोय," असं तो माझ्यादेखत म्हणाला. हेमाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिला वाटलं, नवरा काहीतरी देतोय. पुढचंच वाक्य, "नावापुरतं गं! सत्तर हजार वाचतात." चेहरा होता तसा झाला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! करारावर साक्षीदार म्हणून मीच सही केली. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही अशीही तेव्हा एक अट होती. ती पुढच्याच वर्षी सरकारने काढून टाकली. बाईला मालकीण करायचं ठरवलं होतं, पण फार काळ ठेवायचं कुणाच्या मनात नव्हतं बहुतेक.

दारावरची पाटी मात्र मधुने 'मधुकर खवणेकर' अशीच लावली. पाटीवर सूट नसते.

तीन वर्षं अशीच गेली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी खडवलीहून फोन आला. हेमाची आई, रंगूबाई, अंगणात घसरून पडली. उजवा हात मोडला. खडवलीला स्टेशनपासून आत दोन खोल्यांचं तिचं घर, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, हेमा एकुलती एक. एका हाताने म्हातारी चूल पेटवणार की पाणी ओढणार? हेमा आणि मी दोघी तिला आणायला गेलो.

रंगूबाई जागची हलेना.

"जावयाच्या घरात नाय र्‍हायची मी," म्हणाली. "आमच्यात कुनी र्‍हायलं नाय. चार दिस पाव्हनी म्हनून येईन, पाचव्या दिसाला माघारी."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. हेमाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेवढ्या काळात ही बाई लेकीकडे चार दिवसांच्या वर कधी राहिली नाही. आली की जाताना तांदळाची पिशवी ठेवून जायची. फुकट जेवले असं व्हायला नको! मी मनात म्हटलं, हिचं आणि जावयाचं एकदा जमायला हवं. एकाला फुकट घेतल्याशिवाय झोप येत नाही आणि दुसरीला फुकट पचत नाही.

हेमा आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, घर त्यांचं नाही. माझ्या नावावर आहे. कागदोपत्री माझं घर आहे."

रंगूबाईने माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का ओ बाय? का पोर मला नेन्यासाठी थापा मारतेय?"

"शंभर टक्के खरं," मी म्हटलं. "साक्षीदार मीच आहे."

 रंगूबाई प्लॅस्टरमधला हात सावरत उठली आणि म्हणाली, "लेकीचं घर हाय तर येते मी." शेजारणीला कोंबड्या दिल्या, दाराला कुलूप घातलं. रस्ताभर ती हेमाकडे बघत होती. पोरीने घर केलं याचं तिला फार कौतुक वाटलं होतं, आणि खरं सांगते, मलाही त्या दिवशी पहिल्यांदा ते घर हेमाचं वाटलं.

मधु सुरुवातीला ठीक वागला. "या आई, बसा आई." सासूच्या औषधांच्या पावत्या त्याने लगेच मागून घेतल्या. मग कळलं, नव्या प्रणालीत त्यांचा उपयोग नाही, तेव्हा परत दिल्या. इथवर चालून गेलं. पण रंगूबाई दिवसभर दारात स्टुल टाकून बसायची, आणि जाणारा-येणारा थांबला की त्याला आनंदाने सांगायची, "ह्ये माझ्या लेकीचं घर." दूधवाल्याला सांगितलं. कुरिअरवाल्याला सांगितलं. दौलत वॉचमनला तर रोज. एकदा मधु कंपनीतून येऊन बूट काढत होता आणि ही त्याच्या देखत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगत होती. मधुचा एक बूट हातातच राहिला.

त्यावर कडी झाली सोसायटीच्या वार्षिक सभेत. मधुला सेक्रेटरी व्हायचं होतं. चार महिने तयारी चालली होती, भाषणसुद्धा लिहिलं होतं. उभा राहिला, घसा खाकरला आणि आमचे चेअरमन, राघो पाटील, सरळ माणूस, त्यांनी रजिस्टर बघून सांगितलं, "मधुभाऊ, तुम्ही सभासद नाही. सभासद हेमाताई. त्यांना बोलवा, नाहीतर त्यांच्या सहीचा अर्ज आणा, तुम्हाला असोसिएट सभासद करून घेऊ."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हे हेमाताईंचे मिस्टर!"

सगळी सभा हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पोटभर हसले. सत्तर हजार वाचवले होते ना? घे म्हटलं आता.

पण जळलेल्या माणसाला हसू नये. पंधरा दिवसांत त्याने नवी सवलत शोधून काढली. राहतं घर बायकोने नवऱ्याला बक्षीस म्हणून दिलं तर मूळ मुद्रांक फक्त दोनशे रुपये! हे सांगताना त्याचे डोळे काय चमकत होते. वर शहराचा एक टक्का अधिभार पडतो, हे तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. म्हणजे बघा, हेमाचं नाव घालून जेवढं वाचवलं, साधारण तेवढंच तिचं नाव पुसायला घालवणार होता. दात कोरून पोट भरणारा हा माणूस तेही भरायला तयार झाला. यावरून समजा, केवढं झोंबलं होतं ते.

हेमापुढे त्याने सौदा ठेवला. आई इथे कायमची राहू दे, माझी काही हरकत नाही, पण घर माझ्या नावावर कर. नाहीतर प्लॅस्टर निघालं की त्यांना खडवलीला सोडून यायचं. आणि नुसतं बोलून थांबला नाही, खडवलीच्या घराला पाण्याचा नळ घ्यायला किती लागतात याची चौकशीही करून आला.

हेमा माझ्याकडे येऊन हे सांगत होती आणि माझं डोकं तापत होतं. "अगं, तुझे वीस वर्षांचे शिकवण्यांचे पैसे आहेत त्यात! मूर्ख आहेस का?"

"आहे मूर्ख," ती म्हणाली. "पण ताई, आईला एका हाताने तिथे कशी ठेवू? हात जुळला तरी ती पुन्हा पडेल. नाव कुणाचं का असेना, छप्पर तर मिळतंय तिला."

"आणि तिला कळलं तर? ती जावयाच्या घरात राहणार नाही. तुला माहीत आहे."

"कळू द्यायचंच नाही. मी सांगणार नाही, तुम्ही सांगू नका."

 मी चरफडत कबूल केलं. मधुने साक्षीदार म्हणून मलाच विचारलं, वर म्हणतो कसा, "तुम्हाला अनुभव आहे." मी तोंडावर नाही म्हणणार होते. पण हेमाने डोळ्यांनी विनवलं, म्हणून गेले.

आम्ही कल्याणच्या नोंदणी कार्यालयात गेलो. रंगूबाईला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. हेमाने तिला सांगितलं, सोसायटीचं काहीतरी काम आहे. म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. सरकारी कचेरीत जायचं म्हणजे नीट जायला हवं, असं तिचं म्हणणं. आम्ही बाकावर ओळीने बसलो. दुसरा साक्षीदार मधुच्या कंपनीतला कुणी सुशांत, तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. नंबर यायला वेळ होता. हेमा आत कॉम्प्युटरवर नाव-पत्ता तपासायला गेली.

आणि मधु गप्प बसेल तर शपथ!

सवलत मिळाली आणि ती कुणाला सांगितली नाही, असं या माणसाच्या आयुष्यात कधी झालेलंच नाही. माझ्याशी बोलायची सोय नव्हती, सुशांत मान वर करत नव्हता. उरली कोण? मी त्याचा शर्ट ओढला, खोकले, पाय मारला. काही उपयोग नाही.

"आई," तो सासूकडे सरकून म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे का, सरकारने किती मोठी सोय केलीय? दोनशे रुपयांत घर नावावर! दोनशे! एवढ्यात आजकाल साडीसुद्धा येत नाही."

"कुनाच्या नावावर?" रंगूबाईने विचारलं.

"माझ्या!" मधु म्हणाला. अगदी फुशारकीने म्हणाला, बक्षीस समारंभात नाव पुकारल्यासारखं. आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

 रंगूबाईने बाकाखालची पिशवी डाव्या हाताने ओढली, उठली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, खडवलीची गाडी कुठनं लागते, मला दाव. कोंबड्यांचं बघाया हवं."

"अहो आई, बसा, मी म्हणतोय तर खरं, तुम्ही कायमच्या राहा. मी स्वतः सांगतोय ना!"

"म्हनून तर जाते," रंगूबाई म्हणाली.

तेवढ्यात आमचा पुकारा झाला. हेमा आतून हसत बाहेर आली, आई उभी आहे हे पाहिलं, हातात पिशवी आहे हे पाहिलं, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. मला वाटलं, आता रडेल. ती न रडता आत जाऊन टेबलासमोर उभी राहिली. आम्ही मागे. रंगूबाई दारापाशीच थांबली, लेकीचा निरोप घेतल्याशिवाय कशी जाणार?

टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होत्या. दिवसभर तेच विचारून त्यांचा आवाज सपाट झाला होता. "हेमा मधुकर खवणेकर तुम्हीच ना? हे बक्षीसपत्र वाचलंत? राहतं घर पतीला विनामोबदला देताय. खुशीने देताय का? कुणी जबरदस्ती केलेली नाही ना?"

हा प्रश्न म्हणजे तिथला रिवाज. सगळे मान हलवतात आणि अंगठा मशीनवर ठेवतात. मधुने तर हेमाचा हात धरून मशीनकडे नेलासुद्धा होता. घाई झाली होती त्याला, बाहेर काय झालंय ते तिने बोलायच्या आत उरकायचं होतं.

हेमाने हात काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? जबरदस्ती नाही, असंच ना?" बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"खुशीने देत नाही. देतच नाही."

अहाहा! तीन वर्षं त्या पोरीचा आवाज मी समोरच्या दारातून ऐकते आहे, पोरांना पाढे म्हणायला लावतानाचा. त्या आवाजात ती बोलली. बाईंनी कागद उचलून बाजूला ठेवले आणि पुढचा नंबर पुकारला. कुणाचं काही अडलं नाही.

आणि मधु? सांगू का काय केलं त्याने? बायकोकडे गेला नाही. सासूकडे गेला नाही. टेबलाच्या कडेला वाकून विचारलं, "मॅडम, अधिभाराचे भरलेले पैसे परत मिळतात ना?"

"अर्ज करा. थोडे कापून मिळतील," बाई म्हणाल्या.

"कापून का? व्यवहार झालाच नाही, मग कापायचे कशाला? यात काही सूट..."

मी पुढचं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर त्या कचेरीत माझ्या हातून काहीतरी झालं असतं. मी बाहेर आले तेव्हा हेमाने आईच्या हातातली पिशवी घेतली होती आणि रंगूबाई, काय झालं ते नीट न कळून, तिला पुन्हा पुन्हा विचारत होती, "मंग घर कुनाचं र्‍हायलं?"

"माझंच आहे, आई."

"भांडलीस काय नवऱ्याशी माझ्यापायी?"

"नाही गं. मला विचारलं, मी सांगितलं. चल, घरी जाऊ."

रिक्षा आली. रंगूबाईला आत बसवलं, हात सांभाळून. मधु पायऱ्या उतरून आमच्यापाशी येऊन उभा राहिला, फाईल छातीशी धरून. बायकोच्या घरी जायचं की नाही, हे त्याला समजत नव्हतं बहुतेक.  मला जरा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

हेमा रिक्षात चढता चढता वळली.

"अहो, तुम्हीही या," ती त्याला म्हणाली. "जेवायची वेळ होतेय."